उसना डोळा

१

इंदूरच्या मल्हारगंजातल्या श्रीरामजींच्या फ्रेमच्या दुकानात वारलेल्या माणसांचे फोटो येत. कुणी लग्नाच्या अल्बममधून आजोबा काढून आणायचं, कुणी मोबाइलमध्ये केकच्या मागे उभी असलेली आई दाखवायचं. श्रीरामजी चष्मा कपाळावर चढवून आधी एवढंच बघत, की डोळे उघडे आहेत ना. बाकी सगळ्याची सोय होती. शर्ट मळका असला तर कॉम्प्युटरवर कोट चढवायचा, डोक्यावर पदर नसला तर पदर द्यायचा, मागची गर्दी पुसून आभाळ लावायचं. डोळेच मिटलेले असले तर मात्र ते घरातल्या कुणाचे तरी घ्यावे लागत. "रक्ताचे डोळे बसतात भिया, परक्याचे लगेच दिसून येतात," असं श्रीरामजी म्हणत. खरंच होतं ते. आसपासच्या कितीतरी घरांत भिंतीवरचा बाप धाकट्या मुलाच्या डोळ्यांनी बघत होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सुजय तिथे फ्रेमच्या पट्ट्या कापायचा. नववीत शाळा सुटली तेव्हापासून त्याचे हात काच आणि लाकूड एवढंच वाचत आले होते. पट्टी सरळ आहे का हे बघायची त्याची एक रीत होती. पट्टी बंदुकीसारखी खांद्याशी धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने थेट टोकापर्यंत बघायचं. वाकडी असली तर लगेच कळायचं. दिवसातून कितीदा तो असा एक डोळा मिटायचा, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

अंबूताई गेल्याचा, परदेशातून तिच्या मैत्रिणीचा, ईशाचा, फोन आला तेव्हाही त्याच्या खांद्याशी पट्टीच होती. ईशाचं बोलणं संपायच्या आत त्याने फोन भुशाच्या डब्यात फेकला. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भुसा उपसत राहिला. तळातून ईशाचा बारीक आवाज येतच होता, "सुजय, ऐकतोयस ना? सुजय?"

२

अंबूताई, म्हणजे अंबिका, त्याची थोरली बहीण. पोर्तुगालात पोर्तो नावाच्या गावी शिकायला गेली आणि शिकता शिकता तिथल्या एका बेकरीत लागली. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर. म्हाताऱ्या बायका, कोळी, पाव खाणारी पोरं, भांडणारे नवरा-बायको. "त्यांना कळायच्या आत काढायचा," ती व्हिडिओ कॉलवर सांगायची, "आणि कळलं की हसायचं. मग तेही हसतात. तो दुसरा फोटो." आणि जाता-येता प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःचा एक. "मी इथे आहे याची पावती," म्हणायची.

ओल्या चढावर एका गाडीने तिला उडवलं. तिथेच अग्नी दिला, तिथल्याच नदीत ईशाने राख सोडली. घरातून कोणी जाऊ शकलं नाही. आईला दमा, आणि सुजयचा पासपोर्टच नव्हता.

सामान आलं एका बॅगेत. कपडे, कॅमेरा, फोटोंची हार्ड डिस्क. श्रीरामजींनी फोटो कॉम्प्युटरवर उघडून दिले आणि मग लक्षात आलं की अंबूताईचा एकही फोटो धड नाही. लोकांचे हजारो. तिचे सगळे काचेतले, आणि प्रत्येकात तोंडासमोर कॅमेरा. घरच्या लग्नांत तीच फोटो काढणारी, म्हणून तिथेही ती नाही. उरला पासपोर्टचा.

"हा नको," आई म्हणाली. "पोलिसांनी पकडल्यासारखी दिसते."

"मग कुठला लावू आई?"

"लाव कुठलाही. पण हार नाही घालायचा."

"असं कसं? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात. पोरगी घरी आली नाही अजून. घरी न आलेल्या माणसाला हार घालतात का?" आईने पदराने ओटा पुसला. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला. "कुठे राहिली असेल, काय ठाऊक. बुटांसकट आत यायची मेली. दर वेळी ओरडायचे, अंबू, चपला बाहेर काढ. आता ओरडत नाही म्हणावं. ये."

तेव्हापासून रोज, कसलाही आवाज झाला की आई आधी दाराकडे बघायची. जेवणं कमी झाली. झोप नव्हतीच. दम्याचा पंप उशाशी होता तो हातात आला. सुजयला एवढं कळलं होतं, की ताई घरी आली असं आईला वाटलं नाही तर आईही काही फार दिवस राहायची नाही.

३

एक फोटो त्यातल्या त्यात बरा होता. कॅमेरा थोडा कलला होता. ओठ, हनुवटी, डावा डोळा, सगळं स्पष्ट. फक्त उजवा डोळा कॅमेऱ्यामागे.

"एकच डोळा पाहिजे," श्रीरामजी म्हणाले. "डावा उलटा करून लावू?"

"माझा घ्या," सुजय म्हणाला. विचार बिचार काही केला नाही. तो कधीच करायचा नाही.

"तुझा? अरे, तुझे डोळे कधी उघडे आले आहेत का फोटोत?"

हेही खरं होतं. लहानपणापासून ताईने काढलेल्या प्रत्येक फोटोत सुजयचे डोळे मिटलेले. "मिटू नको रे सुज्या!" ती ओरडायची, आणि नेमकं त्या ओरडण्यानेच ते मिटायचे. "जाऊ दे. एक दिवस असा काढीन ना, तुला कळणारसुद्धा नाही."

श्रीरामजींनी त्याला मागच्या निळ्या पडद्यासमोर बसवलं. एक काढला, मिटला. दुसरा, मिटला.

"आँख है की शटर आहे रे तुझी!" श्रीरामजी वैतागले. मग कॅमेरा खाली घेऊन हळूच म्हणाले, "असं कर. इकडे बघूच नको. अंबिका त्या गल्लीच्या तोंडाशी आली आहे असं समज. येते आहे की नाही, तेवढं बघ."

सुजयने गल्लीकडे बघितलं. तो खरोखरच बघत राहिला. फोटो कधी निघाला हे त्याला कळलं नाही.

डोळा बसला. इतका बसला की श्रीरामजींनी माउस सोडून दिला. "रक्ताचा आहे," ते म्हणाले.

४

फ्रेम भिंतीवर लागली, बिनहाराची. आई समोर पाट घेऊन बसली आणि त्या दिवशी बऱ्याच काळाने तिने पोटभर खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सुजयने दुकानात सागाची एक पट्टी खांद्याला लावली, डावा डोळा मिटला आणि उजव्याने टोकाकडे बघितलं.

पट्टीच्या टोकाशी दुकानाचं शटर असायला हवं होतं. तिथे दगडी चढ होता. ओला.

त्याने पट्टी खाली केली. शटर होतं, शटराबाहेर मे महिन्याचं ऊन होतं, समोरचा कचोरीवाला कढईत झारा फिरवत होता. सुजयने डोळे चोळले. भुसा गेला असेल. रडून रडून डोळ्यांत पाणी साचत असेल. लहानपणी तापात त्याला छताला गाई चिकटलेल्या दिसल्या होत्या, तसंच हेही.

पुन्हा पट्टी लावली. चढ तिथेच होता. बारीक पाऊस पडत होता. दोन्ही बाजूंना उंच घरं, भिंतींना निळ्या फरशा, वर ताणलेल्या दोरीवर कुणाचे तरी भिजणारे कपडे. आणि हे सगळं जरा डुलत होतं. म्हणजे कोणीतरी चालतं आणि त्याच्या डोळ्यांतून आपण बघतो, तसं.

त्या दिवशी त्याने कापलेल्या सगळ्या पट्ट्या वाकड्या निघाल्या.

५

तुकोगंजातल्या डोळ्याच्या डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी धरली आणि समोरचा बोर्ड वाचायला सांगितला.

"अंग्रेजी आती है?"

"अक्षर येतात, सर."

"बोलो मग. सबसे ऊपर."

सुजयच्या समोर बोर्ड नव्हता. घराच्या कोपऱ्यावर लावलेली दगडी पाटी होती, पाण्याने काळवंडलेली. त्याने एकेक अक्षर लावलं. "आर. यू. ए."

डॉक्टर हसले. "कहाँ देख रहे हो भाई? ऊपर सिर्फ ई है. एकच अक्षर."

"आर, यू, ए," सुजय पुन्हा म्हणाला.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, दिवा मारून आत बघितलं. डोळा काचेसारखा स्वच्छ होता. "घरी काही झालंय का?" त्यांनी विचारलं आणि झोपेची गोळी लिहून दिली.

बाहेर येऊन त्याने ईशाला फोन लावला. "ते आर यू ए म्हणजे काय असतं गं तिकडे?"

"रुआ. रस्ता. इथे प्रत्येक गल्लीच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं. का रे?"

"काही नाही. पाऊस आहे का तिकडे?"

"नाही. ऊन आहे आज. अंबिका गेली त्या दिवशी होता. दिवसभर."

६

मग त्याला ते बघितल्याशिवाय राहवेना. कचोरी खाताना, काच पुसताना, कुठेही उभ्या उभ्या तो डावा डोळा मिटायचा. त्या डोळ्यात पाऊस कधी थांबत नव्हता, आणि ताई चालतच होती. तोच चढ. वरपर्यंत जायची, पाटीशी थांबायची, पुन्हा खालून सुरू. समोरून माणसं यायची. छत्रीवाली म्हातारी, हातगाडीवाला, शाळेची पोरं. सुजयला तिच्या फोटोंमधले लोक आठवायचे, दचकून वर बघणारे आणि मग हसणारे. इथे एकही मान वर होत नव्हती. ती एखाद्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहायची. तो माणूस तसाच पुढे यायचा, चित्र क्षणभर काळं व्हायचं, आणि मग रस्ता मोकळा.

सगळ्यांत वाईट काचा. प्रत्येक दुकानाच्या काचेपुढे ती थांबायची. काचेत समोरची घरं दिसायची, पाऊस दिसायचा, दोरीवरचे कपडे दिसायचे. मधे, जिथे तिने असायला हवं होतं, तिथेही घरंच. ती हलायची नाही. खूप वेळ थांबायची. एकदा काचेवर श्वास सोडायला जावं तसं चित्र जवळ गेलं, पण काच धुरकटली नाही.

सुजय दुकानातल्या आडोशाला जाऊन रडला. आणि डोळे पुसताना त्याच्या लक्षात आलं की आता डावा मिटायची गरज उरलेली नाही. उजव्या डोळ्याला इंदूर दिसतच नव्हतं. डाव्याच्या कडेलाही ओले दगड चमकायला लागले होते.

घरी गेला तर आई फोटोसमोर होती.

"आज पुन्हा डबा नाही खाल्लास. कचोरी खाल्लीस, ती पण उभ्याने. आणि मग मागे जाऊन रडलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार?" आई जरा गोंधळली. "इथे बसले होते हिच्याकडे बघत. कळलं."

सुजयने फ्रेमकडे बघितलं. डावा डोळा ताईचा, लांब कुठेतरी लागलेला. उजवा त्याचा. गल्लीच्या तोंडाशी कोणी येतं आहे का, हे बघणारा. तो तसाच उभा राहिला. मला तिचं दिसतं, तर तिला माझं दिसत असणार. दुसरं काय. एवढे दिवस ती चढ चढते आहे आणि आपण तिला काय दाखवलं? भुसा. कढई. दुकानातली अडगळ.

७

श्रीरामजींना त्याने सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. उठून त्यांनी अर्धं शटर ओढलं.

"दोन मिनिटांचं काम आहे. तिचाच डावा डोळा उलटा करून लावतो. नवा प्रिंट घे आणि आज फ्रेममधला बदल." प्रिंट निघेपर्यंत ते मशीनकडेच बघत राहिले. मग गुंडाळी हातात देत म्हणाले, "बेटा, दुसराही डोळा गेला तर तुझ्या आईने कुणाकडे बघायचं?"

"आणि ताईने?"

"अंबिका गेली आहे, सुजय."

"गेली ना. पण कुठे गेली? घरी तर नाही आली." त्याने गुंडाळी गल्ल्यावर ठेवली. "उद्या बदलतो. आजचा दिवस द्या."

"क्या करेगा आज?"

सुजयने खिशातला रुमाल काढला आणि डाव्या डोळ्यावर घट्ट बांधला.

भर दुपार होती. तो मोठ्या रस्त्याच्या तोंडापासून निघाला, जिथे लहानपणी ताई त्याचा हात धरायची आणि घर येईपर्यंत सोडायची नाही. त्याला मल्हारगंज दिसत नव्हतं. त्याच्या डोळ्यात फक्त पाऊस आणि चढ. पण पावलांना सगळं पाठ होतं. पतंगवाल्याच्या दुकानापाशी तो थांबला, बंद शटरकडे तोंड करून उभा राहिला. बघ ताई. पिठाच्या चक्कीपाशी थांबला. पट्ट्याचा फटफट आवाज, गरम पिठाचा वास. बघ. एका स्कूटरवाल्याने ब्रेक मारला.

"क्या भिया, मरोगे क्या! आँख को क्या हुआ?"

"डॉक्टरने बांधली आहे. निकलो तुम."

गल्ली वळली. हाताला विजेचा वाकडा खांब लागला. नवी स्कूटी शिकताना ताईनेच ठोकलेला. सुजयने तोंड खांबाच्या अगदी जवळ नेलं. त्यावरच्या पोच्यावर बोट ठेवलं. हा बघ. हा तर तुझाच.

चढ थांबला.

डोळ्यातलं चित्र पहिल्यांदाच डुलायचं थांबलं. मग हळूहळू वळलं. चढाच्या खाली, पावसात, निळ्या भिंतींच्या मधोमध विजेचा वाकडा खांब उभा होता.

सुजय धावत सुटला. दोनदा भिंतीवर आपटला. घराची पायरी लागली तेव्हा तो तिच्यावर बसला, गल्लीकडे तोंड करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागे दार उघडं होतं. आत आई फोडणी देत होती.

"सुजय का रे?"

"हो. बसलोय."

डोळ्यात खांब जवळ आला. खांबाच्या अलीकडे पाऊस संपला, दगड संपले, आणि ऊन आलं. चक्की आली. पण चक्कीचा आवाज चित्रातला नव्हता, सुजयच्या कानांना तो गल्लीच्या त्या टोकाकडून ऐकू येत होता. पतंगवाल्याचं शटर उलट बाजूने सरकत गेलं. ती खांब ओळखून आधी मागे गेली होती, सगळं पुन्हा एकदा बघून यायला. ही तिची जुनी खोड. मग ती परतली आणि गल्ली पुन्हा वळली. सुजयला बुटांचा आवाज ऐकू आला. ओल्या बुटांचा, चिक चिक.

वाटलं, रुमाल ओढावा. डाव्या डोळ्याने बघावं की समोर खरंच कोण आहे. हात वरपर्यंत गेला. मग त्याला भीती वाटली की गल्ली रिकामी दिसेल. आणि त्याहून जास्त भीती वाटली की रिकामी दिसणार नाही. हात खाली आला.

चित्रात एक दार आलं. दाराखाली पायरी. पायरीवर एक मुलगा बसला होता, केसांत भुसा, कपाळावर खरचटलेलं, एका डोळ्यावर रुमाल. किती वाळलाय हा, सुजयच्या मनात आलं. मग कळलं की तो कोण आहे.

पायरीवरचा मुलगा सरळ त्याच्याकडे बघत होता. म्हणजे तिच्याकडे.

बुटांचा आवाज थांबला. चित्राची कडा जरा कलली, जशी कॅमेरा उचलताना मान कलते. कोणी ओरडलं नाही. मिटू नको, असं कोणी म्हणालं नाही. डोळ्यात पाणी भरून आलं, जळजळलं, तरी सुजयने पापणी हलू दिली नाही.

अगदी जवळून, बारीकसा आवाज आला. खट्.

मग चित्रात एक हात पुढे आला. ओला, बोटांच्या चिरांत पीठ असलेला, बेकरीतला. तो मुलाच्या चेहऱ्याकडे आला, उजव्या डोळ्याकडे, आणि सुजयच्या पापणीवर काहीतरी गार टेकलं. अंधार झाला.

त्याच्या खांद्याला घासून गारवा आत गेला.

"अंबू, चपला बाहेर काढ," आई आतून म्हणाली. मान वर न करता, कामाच्या नादात, जशी नेहमी म्हणायची तशी.

पळी थांबली. गॅसवरचं तेल तडतडत राहिलं. सुजयने वळून बघितलं नाही. गॅस बंद झाल्याचं ऐकू आलं, मग पाट सरकल्याचं, मग आईचा श्वास, लांब, कुठेही न अडकता आत गेलेला.

"सुजय," ती म्हणाली.

"काय?"

"जा, हार घेऊन ये. मोगऱ्याचा नको आणू. शिंका येतात तिला."

सुजयने रुमाल सोडला. दोन्ही डोळ्यांना ऊन लागलं, दोन्हींना मल्हारगंज दिसलं, धुळीसकट. तो उठला आणि तसाच थांबला. कोरड्या ठणठणीत गल्लीतून पायरीवर ओल्या बुटांचे ठसे चढले होते आणि उंबरा ओलांडून आत गेले होते.

बुटांसकट.

त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून तो पायरीच्या कडेने उतरला, आणि शेवंती बघायला बाजाराकडे गेला.